पुढच्या भरतीचं पाणी

बोटींच्या अपघातांच्या चौकशीच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो: 'अजून थोडं थांबला असतात तर?' पुढे काय झालं हे ज्याला आयतं कळलंय, त्यालाच तो सुचतो.

त्या दिवशी समोर बसलेला कॅप्टन पस्तिशीचा, गुहागरकडचा, पहिल्याच कमांडवरचा. कोळशाने भरलेली बोट खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर चढली होती. त्याने लगेच टग, म्हणजे ओढून काढणाऱ्या बोटी, मागवल्या. त्या येऊन दोर लावतायत तोवर बोट पुढच्या भरतीला आपसूक सुटली. बिल यायचं ते आलंच. कंपनीच्या वकिलांनी तो प्रश्न टाकला आणि पोरगा टेबलाकडे बघत राहिला.

मी भरतीचं कोष्टक पुढे ओढलं. बोट रुतली ती पौर्णिमेचं उधाण उलटल्यावर, तेही ऐन भरतीला. पाणी भांगाकडे, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांकडे, निघालेलं. कोष्टकात पुढची भरती वीस सेंटिमीटरने कमी. ते बघून हात बांधून बसणारा अमावास्येपर्यंत तिथेच बसला असता. मग पाणी चढलं कसं? टग मागवल्यानंतरच्या नोंदी बघा म्हटलं. वारा फिरून समुद्राकडून सुटला होता, बॅरोमीटर पडत गेला होता. दाब एक मिलिबार उतरला की समुद्र साधारण सेंटिमीटरभर वर येतो. त्यात वाऱ्याने पाणी आत रेटलं. यातलं काहीच निर्णयाच्या घटकेला त्याच्यापुढे नव्हतं.

डबे उघडल्यावर मी बेनब्रिजचा विषय काढला. आम्हा बोटवाल्यांना हे नाव 2009 पासून पक्कं ठाऊक, सोमाली चाच्यांनी ओलीस धरलेला 'मर्स्क अलाबामा'चा कॅप्टन सुटला त्या मोहिमेतली अमेरिकी युद्धनौका म्हणून. पण ज्याच्यावरून हे नाव आलं त्या अमेरिकी नौदलाच्या कॅप्टन विल्यम बेनब्रिजची गत आमच्या या पोरासारखीच, किंबहुना वाईट. 31 ऑक्टोबर 1803 रोजी त्रिपोलीजवळ पाठलाग करताना त्याची 'फिलाडेल्फिया' नकाशात नसलेल्या खडकावर चढली. त्याने तोफा समुद्रात लोटल्या, पुढची डोलकाठी तोडली. बोट हलेना. शेवटी 307 माणसांसह शरण गेला. आणि दोनच दिवसांत वाऱ्याने पाणी चढलं अन् त्रिपोलीवाल्यांनी तीच बोट तरंगवून बंदरात नेली! 1804 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्याच स्टीफन डिकेटरने रातोरात घुसून ती जाळली, तेव्हा बेनब्रिज तिथेच कैदेत होता. 1805 साली सुटल्यावर चौकशी झाली आणि त्याला निर्दोष ठरवलं.

"पण शरण गेलेल्याचं नाव जहाजाला देतं कोण?" वकील म्हणाले.

अमेरिकी नौदलाने दिलं, आणि तेही आपल्या पहिल्यावहिल्या विनाशिकेला. 420 टनांची, चार धुराड्यांची, कोळशावर चालणारी ही चपळ बोट 1901 मध्ये पाण्यात उतरली, आणि बांधली कुठे, तर फिलाडेल्फिया शहरात. मला तर यात कुणाचा तरी खट्याळपणाच दिसतो. तिची बरीच वर्षं फिलिपिन्सकडे गेली; 1917 मध्ये तिला जिब्राल्टरला काफिल्यांच्या राखणीला धाडलं आणि 1920 मध्ये विकून टाकलं. त्याच वर्गातल्या पाचव्या बोटीचं नाव 'डिकेटर'. तिचा तरुण कमांडर 1908 मध्ये फिलिपिन्समध्ये तिला घेऊन चिखलात रुतला. त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं, ठपका आला. त्याचं नाव चेस्टर निमित्झ. दुसऱ्या महायुद्धात तो पॅसिफिक ताफ्याचा प्रमुख होता.

चौकशीचे अध्यक्ष शिरपूरकडचे. त्यांचं सगळं लक्ष भाकरीत. बेनब्रिजने पुढे डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलजवळ इंग्रजांच्या 'जावा' बोटीला हरवलं, तिच्यात मुंबईत बांधल्या जाणाऱ्या युद्धनौकेसाठी तांबं होतं आणि मुंबईला निघालेला जनरल हिस्लॉप होता, एवढं म्हणताच त्यांनी मान वर केली.

"हिस्लॉप? थाळनेरचा?"

तोच. बेनब्रिजने त्याला पॅरोलवर, म्हणजे शब्द घेऊन, सोडलं. पाच वर्षांनी महिदपूरला होळकरांशी लढला तो हाच, आणि 1818 मध्ये शिरपूरजवळच्या थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी देणाराही हाच.

"सोडला कशाला मग!" अध्यक्षांनी डब्याचं झाकण आपटलं.

दुपारच्या सत्रात टगच्या बिलावरचे प्रश्न त्यांनी थांबवले. टग मागवणं योग्यच, असं अहवालात गेलं. दांड्यावर चढण्याबद्दल मात्र कॅप्टनला लेखी ताकीद मिळाली. वळणाआधी पोझिशन घ्यायला, म्हणजे बोट नेमकी कुठे आहे ते ताडून बघायला, उशीर झाला होता, आणि तिथे मीही त्याची बाजू घेतली नाही.