रोखपालाची सही

नाना साताऱ्यात एका पतसंस्थेत रोखपाल होते. त्यामुळेच असेल, जुनी अमेरिकन नोट हातात आली की माझी नजर आधी खाली डावीकडे जाते. बँकेच्या रोखपालाची सही तिथे असते, बँकेच्या अध्यक्षाची उजवीकडे.

1863 ते 1935 या काळात इथे अमेरिकेत गावोगावच्या नॅशनल बँका स्वतःच्या नावाने नोटा काढत. सरकारी रोखे तारण ठेवायचे, त्याबदल्यात बँकेचं आणि गावाचं नाव छापलेल्या नोटा मिळायच्या.

माझी पहिली नोट 1929च्या मालिकेतली, मी राहतो त्या पिट्सबर्गच्या मेलन नॅशनल बँकेची. चार्टर क्रमांक, म्हणजे सरकारने त्या बँकेला दिलेला परवाना क्रमांक, 6301. (याच घराण्यातले अँड्र्यू मेलन तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते आणि नोटांचा आकार लहान झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत.) जिवापाड जपली आहे, पण दुर्मीळ नाही. बँक मोठी, नोटा भरपूर. नोट किती जुनी यापेक्षा त्या बँकेच्या किती नोटा आज शिल्लक आहेत, हे महत्त्वाचं. 'फर्स्ट नॅशनल बँक' तर गावोगावी होत्या, म्हणून आधी चार्टर क्रमांक पाहायचा.

मागच्या वर्षी एका प्रदर्शनात 1902च्या मालिकेतली दहा डॉलरची नोट दिसली. मोठ्या आकाराची, माजी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींचं चित्र, पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या खाणगावची बँक. सह्या नाहीत म्हणून स्वस्तात मिळाली. सह्या झाल्याच नव्हत्या, हे मला पटेना. या मालिकेचे चार-चार नोटांचे ताव बँकेत यायचे. दोघे अधिकारी सह्या करायचे आणि मग नोटा कापून वेगळ्या करायच्या. या नोटेची वरची कड किंचित तिरकी होती आणि घड्यांवरून ती पुष्कळ हातांतून फिरलेली दिसत होती. म्हणजे सही झालेली असणारच.

घरी दिवे मालवले, टॉर्च नोटेच्या अगदी कडेला आडवा धरला आणि भिंगातून पाहिलं. शाई पार उडालेली, पण टाकाने कागदावर ओढलेली रेघ शिल्लक होती. एक वळण, मग एक लांब फटकारा. मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो.

रविवारी व्हिडिओ कॉलवर नानांना दाखवली. एकाच तावातल्या नोटांचा क्रमांक एकच असतो, फरक फक्त छोट्या अक्षराचा, आणि हिच्यावर 'सी' आहे, हेही सांगितलं.

"म्हणजे तावातली तिसरी," नाना म्हणाले. "तोवर टाकातली शाई संपत आली असणार. कोरडा टाक दाबून लिहावं लागतं, म्हणून रेघ राहिली बघ."