पट्ट्याबाहेरचा मासा

बित्रा हे लक्षद्वीपमधलं वस्ती असलेलं सगळ्यात छोटं बेट. जागा जेमतेम २६ एकर. आमच्या देवगडात एकेका बागायतदाराची कलमं एवढ्यात असतात. २०११च्या जनगणनेत इथे २७१ माणसं होती. बेट एवढंसं, पण त्याला लागून असलेलं लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतलं उथळ पाणी, अवाढव्य. तिथल्या प्रवाळावरचे मासे मोजायला आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो. मेचा पंधरवडा उलटला की समुद्र कुणाला विचारत नाही.

मासे मोजायचे म्हणजे काय, हे घरी सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. "ते काय रांगेत उभे राहतात?" आईचा प्रश्न. नाही राहत, म्हणून तर टेप लागते. तळाशी ५० मीटर टेप अंथरायची, तिच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर धरायचे. एवढ्या पट्ट्यात जो मासा दिसेल त्याची जात आणि लांबी प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायची. पेन्सिल दोरीला बांधलेली, नाहीतर ती पहिल्याच मिनिटाला वर तरंगत जाते. पाण्यात सगळं एक तृतीयांशाने मोठं दिसतं, त्यामुळे डोळा बसावा म्हणून आधी दोन दिवस पीव्हीसी पाइपचे तुकडे पाण्यात टाकून त्यांच्या लांबीचा अंदाज बांधायचा. मी वीस सेंटिमीटरचा तुकडा अजूनही कधीकधी पंचवीसचा सांगते.

आणि दोन नियम. पट्ट्याबाहेरचा मासा मोजायचा नाही. आपल्या मागून पट्ट्यात शिरलेलाही मोजायचा नाही, कारण काही जाती पाणबुड्याची चौकशी करायला मुद्दाम येतात. ते मोजले तर आकडा फुगतो.

तो दिवस पाचव्या पट्ट्याचा. खोली दहा मीटर, पाणी स्वच्छ, प्रवाह थोडा आडवा. पोपटमासे कामाला लागले होते. त्यांच्या दातांचा प्रवाळावर कुरकुर आवाज येतो, अगदी कुणीतरी कानाशी पापड मोडतंय असा. पुढे एक हेकरू कपारीत तोंड बाहेर काढून बसलेला. बाजारात ज्याचं कालवण दिसायचं त्याच्याकडे पाटी घेऊन बघताना मला अजूनही थोडं चोरट्यासारखं वाटतं. ३५ सेंटिमीटर, लिहिलं.

तीस मीटरच्या खुणेवर उजवीकडे काहीतरी हललं. आधी वाटलं खडक. मग खडकाने डोळा फिरवला.

नेपोलियन रास, प्रवाळावरचा एक मोठा मासा. कपाळावर टेंगूळ, ओठ सुजल्यासारखे जाड, गालावर चक्रव्यूहासारखी नक्षी, डोळ्यामागे दोन काळ्या रेघा. दिसायला एक मीटर साठ, म्हणजे खरा एक मीटर वीस. या जातीचे बहुतेक मासे मादी म्हणून वाढतात, त्यातले काही पुढे नर होतात. आग्नेय आशियात जिवंत पकडून हॉटेलांना विकल्यामुळे तो इतका घटला की २००४मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याला संकटग्रस्त यादीत घातलं. इतक्या वर्षांत असा समोरासमोर मी त्याला कधीच पाहिला नव्हता. पेन्सिल आपोआप पाटीवर टेकली.

मी अंतर बघितलं. टेपपासून सात मीटर. पट्ट्याबाहेर.

"ये ना बाबा आत," असं मी तोंडातल्या श्वासाच्या नळीतून, रेग्युलेटरमधून, म्हणाले. बुडबुड्यांखेरीज काही निघालं नाही. तो तिथेच तरंगत राहिला, एक डोळा माझ्यावर. मी पुढे सरकले. नियम म्हणजे नियम.

चाळिसाव्या मीटरला मागून टणटण ऐकू आलं. टेप गुंडाळत येणारा आमचा ज्युनिअर सिलिंडरवर क्लिप आपटत होता. वळून बघते तर महाराज पट्ट्याच्या ऐन मध्यावर, आमच्या दोघांच्या मधून, टेपवरून सावकाश चाललेले. टेपपासून हातभरही लांब नाही. पण मागून आलेले! ज्युनिअर डोळे मोठे करून पाटीकडे बोट दाखवतोय, मी मान हलवतेय. दहा मीटर खोलीवर भांडायला हातांखेरीज काही नसतं, त्यामुळे भांडण लवकर मिटतं.

होडीत चढल्यावर मात्र ते नव्याने सुरू झालं. "मॅडम, एक तर एक, लिहू या ना."

मी त्याला सांगितलं ते एवढंच, की १९९८, २०१० आणि २०१६मध्ये पाणी तापून इथलं प्रवाळ पांढरं पडलं. नंतर काय सावरलं हे कळायचं तर आधीच्या माणसाने जसं मोजलं तसंच आपण मोजायला हवं. मला आवडलेले मासे मी घ्यायला लागले, तर पाच वर्षांनी येणाऱ्याला मासे वाढलेत की मोजणारा हळवा आहे हे कसं कळणार? हे बोलताना मलाही फार बरं वाटत नव्हतं.

होडी चालवणाऱ्या इक्कांना आमची मराठी कळत नव्हती. काय झालं, त्यांनी हिंदीत विचारलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मासा तुमच्याजवळ आला, तुम्हाला बघून गेला, आणि कागदावर नाही?"

"नाही."

"मग दिल्लीला तो नाहीच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाटीच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरात लिहिलं: ने. रास, १, बाहेर. विश्लेषणात ही ओळ जात नाही.

संध्याकाळी लॅपटॉपवर आकडे भरले. पाचवा पट्टा, नेपोलियन रास, शून्य. बाहेर जेट्टीवर इक्का दोन्ही हात पसरून कुणाला तरी काही सांगत होते, शेजारी ज्युनिअर मान डोलावत होता. मी चहाला जाईपर्यंत मासा दोन मीटरचा झाला होता, आणि मुक्कामावर परतेपर्यंत होडीएवढा.