एक्केचाळीस फूट

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून मार्करनं तीन आकडे लिहिलेत. ३९, ४१, ४३. साखरेचा डबा काढायला दार उघडलं की पाहुणे हमखास विचारतात, "काय वहिनी, मटका लावताय काय?" कोल्हापूरकराला मात्र हे सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. मधला ४१ आमचा घरचा.

घर शाहूपुरीत, बैठं, वर पत्र्याची एक खोली. २००५ ला पाणी जोत्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं होतं, आणि तीच पायरी २०१९ ला आम्हाला नडली. नागपंचमीच्या दिवशी हे म्हणाले, "दुसऱ्या पायरीच्या वर येत नाही गं, मी बघितलंय." सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो, त्यांना तर घर सोडायचंच नव्हतं. निघायचं का थांबायचं, संध्याकाळभर वाद. आमच्याकडं नदी समोरून येत नाही. जयंती नाल्याला फुग येते आणि पाणी मागच्या मागं चढतं. आम्ही पुढच्या दाराला वाळूची पोती लावून बसलेलो आणि मोरी गुडगुडायला लागली. मग तिच्यातनंच काळं पाणी वर.

त्या खेपेला नदी ५५ फुटांच्या पुढं गेली. चौघांनी आत्तींना खुर्चीसकट उचलून नावेत ठेवलं. बीपीच्या गोळ्या फ्रिजवर राहिल्या, आणि फ्रिज तरंगून आडवा झालेला. फ्रिज तरंगतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. गिऱ्हाइकांचे एकवीस ब्लाउजपीस गेले ते वेगळंच.

घरी परतल्यावर चिखल काढायच्या आधी मी ते आकडे लिहिले. ३९ ला कागदांची बरणी, औषधं आणि शिलाई मशीन वरच्या खोलीत. ४१ ला आत्ती राजारामपुरीला नणंदेकडं, दिवसाउजेडी, रिक्षानं. ४३ ची वाट बघायची नाही खरं तर, पण कुणी मागं राहिलंच तर मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधायचा (तोही तरंगतो), मोरीच्या तोंडावर पोतं, आणि कुलूप. आकडा आला की चर्चा नाही, एवढंच ठरवलं. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा घरात शिरलं, पण आत्ती तेव्हा नणंदेकडं टीव्हीवर आमचीच गल्ली शोधत होत्या.

इंटरनेटवरच्या याद्या मी वाचल्यात. तंबू, होकायंत्र... दसरा चौकात होकायंत्र घेऊन मी जाऊ कुठं? शिट्टी मात्र घेतली. आमचा अनुभव वेगळाच सांगतो: पुरात पहिलं संपतं ते पाणी. उपसा केंद्रंच बुडतात, मग नळ कोरडे, आणि दारात गळ्याएवढं पाणी. म्हणून मृगापासनं वीस-वीस लिटरचे दोन कॅन वर, दर आठवड्याला बदलायचे. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा दूध नाही, पेट्रोल नाही. तेव्हापासून पावसाळ्यात स्कूटरची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. साधा बटणांचा फोनही ठेवलाय, चार्ज कित्येक दिवस पुरतो. त्याच्या मागं नणंदेचा नंबर कागदावर चिकटवलाय, कारण मला पाठ फक्त माहेरचा.

आणि एक. पाणी ओसरलं की धुवायची घाई करू नका. आधी भिंतीवरच्या रेघेसकट सगळ्याचे फोटो काढा. २०१९ ला मी घासूनपुसून घर लख्ख केलं, आणि पंचनाम्याला आलेले साहेब म्हणाले, "इथं कुठं पाणी आलंय?" वायरमननं बघितल्याशिवाय स्विचला हातही लावायचा नाही, हे मला शेजारणीच्या मिक्सरनं शिकवलं.

गेल्या आठवड्यात राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडल्याची बातमी आली. मी बरणी काढून कागद मोजत होते. आत्ती भिंतीला धरत धरत आल्या, कपाटाचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "एक्केचाळीस नको, चाळीस कर." मी म्हटलं, का हो? "रिक्षावाले एक्केचाळीसला डबल भाडं मागत्यात."

मार्कर सापडेना, म्हणून खडूनं केलंय.