शाकाहारी आईबाबांसाठी फ्रेंच कांद्याचं सूप : माझा अनुभव

पॅरिसमध्ये थंडी सुरू झाली की बिस्त्रोंच्या, म्हणजे छोट्या खाणावळींच्या, दारातल्या फळ्यांवर खडूने ‘सूप आ लोन्यों’ (कांद्याचं सूप) लिहिलेलं दिसायला लागतं. वर भाजलेल्या चीजचा जाड थर, त्याखाली भिजून मऊ झालेला पाव आणि त्याच्याही खाली गडद तपकिरी, कांद्याने भरलेलं सूप. नाव कांद्याचं असलं तरी पातेल्यातलं पाणी मात्र बहुतेक ठिकाणी गोमांसाचा स्टॉक, म्हणजे मांस-हाडं उकळून गाळलेलं पाणी, असतो. माझे आईबाबा पक्के शाकाहारी. कार्तिकी एकादशी उरकून ते माझ्याकडे यायचे होते. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो, त्यामुळे ऐन थंडीत आणि चातुर्मास सुटल्यावर येणाऱ्या आईला हे सूप खाऊ घालायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं. तिच्याइतकं कांद्यावर प्रेम करणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

आधी बाहेर चौकशी केली. ले आल भागातल्या एका जुन्या ठिकाणी वेटरला विचारलं, तर त्याने काही आडपडदा न ठेवता सांगितलं, ‘‘स्टॉक गाईचाच आहे मादाम, दुसरा आम्ही करत नाही.’’ त्याने सरळ सांगितलं म्हणून मला बरंच वाटलं. मग घरी करणं एवढाच मार्ग उरला.

ले आललाच गेले त्याला कारण होतं. पॅरिसचा घाऊक बाजार शेकडो वर्षं तिथे भरायचा. रात्रभर गाड्या यायच्या, हमाल पाठीवर ओझी वाहायचे आणि पहाटे तिथल्याच खाणावळींत वर चीज भाजलेलं हे सूप प्यायचे. त्याच टेबलांवर नाटकं-नाच संपवून घरी निघालेली शौकीन मंडळीही बसायची. १९६९ साली बाजार शहराबाहेर रँजिसला हलवला आणि पुढच्या काही वर्षांत वास्तुविशारद बाल्तारने उभारलेले बाजाराचे लोखंडी मंडप पाडले गेले. आज तिथे जमिनीखाली शॉपिंग सेंटर आहे. सँ-तस्ताश चर्च तेवढं जागचं हललेलं नाही, आणि सूपही. माझ्या इमारतीत खाली एक आजी राहतात. त्या सांगतात, त्यांच्या गावाकडे लग्नाच्या रात्री नाचगाणं आटोपलं की पहाटे पाहुण्यांना कांद्याचं सूप वाढत. रात्र जागवलेल्यांचं हे खाणं. त्यात पोट शांत करणारं काहीतरी आहे खरं.

तरी एक गोष्ट मनात खुपत होती. मांसाचा स्टॉक काढून टाकला तर हे तेच सूप राहील का? आईला काहीतरी ‘त्यासारखं’ वाढायचं नव्हतं. याचं उत्तर मला फार जुन्या ठिकाणी मिळालं. ला वारेन या फ्रेंच आचाऱ्याचं १६५१ साली छापलेलं पाकपुस्तक आहे, त्यात कांद्याच्या सूपची कृती चार ओळींत दिली आहे. कांदे अगदी पातळ चिरा, लोण्यात तळा, मग पाण्यात किंवा वाटाण्याच्या कढणात शिजवा, पावाची कड घाला, आणि वाढताना व्हिनेगरचा थेंब टाका. मांस नाही, हाडं नाहीत. म्हणजे नुसत्या पाण्यातही हे सूप होत होतं आणि छापून येण्याइतकं मानाचं होतं. तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे की या सूपचा जीव कांद्यात आहे. स्टॉक बदलला तर चालतो, कांद्याला द्यायचा वेळ मात्र कमी करता येत नाही.

आता कांदा. चौघांसाठी मी दीड किलो घेते. इथे बाजारात पिवळ्या सालीचा साधा कांदा मिळतो, तोच घ्यावा. सेवेनचा गोड कांदा किंवा रोस्कोफचा गुलाबी कांदा दिसायला मोहक असतो, महागही असतो, पण सूपसाठी मला तो पटत नाही. कांदा शिजून शेवटी गोड होणारच असतो, म्हणून सुरुवातीला त्यात तिखटपणा हवा. कांदे सोलून उभे चिरायचे, देठापासून मुळापर्यंतच्या रेषेत. आडवा चिरला तर तो लवकर विरघळतो आणि सूपमध्ये लगदा होतो. उभ्या फोडी दीड तास शिजल्यावरही चमच्यात धाग्यांसारख्या उचलता येतात. सालं टाकायची नाहीत, त्यांचं काम पुढे आहे.

बिडाच्या जाड, रुंद भांड्यात ६० ग्रॅम लोणी आणि एक चमचा तेल. कांदा घालून लगेच एक चमचा मीठ, म्हणजे पाणी लवकर सुटतं. झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. झाकण उघडलं की कांदा निम्मा झालेला असतो आणि पाण्यात पोहत असतो. इथून पुढे झाकण लावायचं नाही.

आपल्याकडे वाटणाचा कांदा भाजताना मोठी आच चालते, कडा काळ्या झाल्या तरी त्या चवीला हव्याच असतात. इथे काळी कड म्हणजे कडूपणा, आणि तो सगळ्या भांड्यात उतरतो. कांद्यात वजनाच्या जवळजवळ नऊ दशांश पाणीच असतं. ते आहे तोवर कांदा शंभर अंशांच्या वर तापतच नाही, आणि खरी तपकिरी चव यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. कांद्यातली साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात तापल्यावर जी क्रिया होते, तिचं वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पाव भाजताना, कॉफी भाजताना होते तीच. तेव्हा आधी पाणी जायला हवं, मग रंग. दहा मिनिटांत कांदा तपकिरी होतो असं सांगणाऱ्या कृतींवर मी विश्वास ठेवत नाही. सोडा टाकला तर रंग झटपट येतो हे खरं, पण फोडी विरघळतात आणि मागे साबणासारखी चव राहते. प्रेशर कुकर तर पाणी आतच कोंडून ठेवतो.

पाणी संपत आलं की आवाजावरून कळतं. आधी खदखद असते, ती हळूहळू चरचरीवर येते. मग भांड्याच्या तळाला पातळ तपकिरी थर धरायला लागतो. खरी चव त्या थरात असते. दोन चमचे पाणी शिंपडायचं, लाकडी उलथन्याच्या सरळ कडेने तळ खरवडायचा; थर सुटतो आणि कांदा तो पिऊन घेतो, एका क्षणात सगळ्या फोडींचा रंग एक छटा गडद होतो. परत पसरायचं, परत थर धरू द्यायचा, परत पाणी, परत खरवडायचं. पांढरा, पारदर्शक, पिवळसर, बदामी, तांबूस आणि शेवटी गडद तपकिरी. थर धरायच्या आधीच ढवळत राहिलं तर रंग चढत नाही, आणि थर काळा होऊ दिला तर सगळं वाया जातं. या मधल्या पट्ट्यात तासभर उभं राहावं लागतं. आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती. मध्येच म्हणाली, ‘‘एवढा कांदा घातलास आणि एवढासाच उरला गं?’’ दीड किलोचा जेमतेम एक वाडगा उरतो. साखर मी घालत नाही. कांद्यातलीच इतकी असते की वरून घातली तर सूप गोडमिट्ट होतं.

कांदा तयार झाला की एक चमचा मैदा भुरभुरायचा, दोन मिनिटं परतायचा. फ्रेंच घरांत इथे पांढरी वाइन किंवा थोडी कोन्याक ब्रँडी पडते. आईबाबांना ती चालणार नव्हती. वाइन काढली की आंबटपणाही जातो आणि सूप बसकं लागतं. तो आंबटपणा मी ला वारेनकडून घेतला. सगळं शिजल्यावर, अगदी शेवटी, एक चमचा व्हिनेगर. मात्र काही व्हिनेगर पुन्हा वाइनचेच असतात, ते आईबाबांना सांगून त्यांच्या संमतीने सफरचंदाचं घेतलं.

स्टॉक मी बाजूच्या शेगडीवर करून ठेवते. दोन लिटर पाण्यात गाजर, सेलरी, लीकचा हिरवा भाग, थाइम, इथलं लॉरेलचं तमालपत्र, आठ-दहा मिरी, मूठभर सुकवलेल्या सेप अळंबी आणि राखून ठेवलेली कांद्याची स्वच्छ सालं. सालांनी पाण्याला सोनेरी रंग येतो. अळंबी मात्र सोडू नयेत. मांसाच्या स्टॉकमधला जो दाटपणा जिभेला जाणवतो, त्याची जागा भाज्यांमध्ये एकट्या सुक्या अळंबीच भरून काढतात. चाळीस मिनिटं मंद उकळायचं, गाळायचं, दीड लिटरच्या आसपास मिळतं. ते कांद्यावर ओतून आणखी अर्धा तास.

सगळ्यात जास्त शोधाशोध चीजसाठी झाली. या सूपवर कोंते किंवा ग्रुयेर घालतात. ज्युरा डोंगरांत कच्च्या दुधाचं कोंते बनतं, त्याच्या साधारण ४० किलोच्या चाकासारख्या गोल तुकड्याला ४०० लिटर दूध लागतं, आणि किमान चार महिने ते मुरवलं जातं. त्याची चव अद्भुत आहे. पण कोंते काय, स्वित्झर्लंडचं ग्रुयेर काय, दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरायचं असा या चीजचा नियमच आहे. चीज म्हणजे दूधच, असं समजून आपल्याकडचे कितीतरी शाकाहारी लोक युरोपात ते निःशंक खातात. ज्यांना फरक पडत नाही त्यांचं ठीक, पण ज्यांना पडतो त्यांना ते माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मी सुपरमार्केटात पाकिटं उलटून घटक वाचत बसले. अखेर एका साध्या एमेंतालच्या पाकिटावर ‘कोआग्युलां मिक्रोबियां’ म्हणजे जिवाणू-बुरशीपासूनचं रेनेट अशी नोंद सापडली. एमेंताल छान वितळतं, तार सुंदर सुटते, पण चवीला कोंतेपेक्षा सौम्य आहे. ती उणीव भरायला पावाला लसूण चोळते आणि दिजों मोहरीच्या (मोहरीच्या तयार फ्रेंच पेस्टचा) अगदी पातळ हात फिरवते.

पाव म्हणजे कालचा बगेत, लांब काठीसारखा फ्रेंच पाव. बोटभर जाड चकत्या करून १५० अंशांवर ओव्हनमध्ये कडक वाळवायच्या, नुसत्या भाजायच्या नाहीत. ताजा पाव सूपमध्ये पडताक्षणी विरून जातो. वाळलेला आतून ओल घेत फुगतो, पण आकार सोडत नाही.

ओव्हनला चालतील असे चिनी मातीचे वाडगे ट्रेवर मांडायचे. उकळतं सूप काठाच्या बोटभर खाली, वर दोन चकत्या, त्यावर प्रत्येकी मूठभर किसलेलं चीज, थोडं काठावर सांडेल असं. काठाला चिकटून भाजलेलं चीज चमच्याने खरवडून खाण्यात वेगळीच गंमत आहे. ग्रिल पूर्ण तापलेलं हवं, ट्रे वरच्या खणात. तीन-चार मिनिटांत चीज फुगतं, बुडबुडे येतात, त्यावर तपकिरी डाग पडतात. तेवढं झालं की बाहेर. वरचा थर आतली वाफ कोंडून धरतो, तेव्हा पाच मिनिटं हात लावू नये.

आईने पहिला चमचा घेतला, तार तुटेना म्हणून चमचा वर वर नेत गेली. बाबांनी काही न बोलता वाडगा संपवला आणि विचारलं, ‘‘यात खरंच मांस नाही ना? चव फार भारी आहे.’’ मी अळंबीचं सांगितलं. खालच्या आजींकडेही एक वाडगा नेऊन दिला होता. त्यांनी संध्याकाळी निरोप पाठवला, मोहरी त्यांना नवीन वाटली, बाकी कांदा हवा तसा झाला आहे. त्यांचं मत माझ्यासाठी मोठं होतं.

करणार असाल तर कांदा आणि स्टॉक आदल्या दिवशीच करून ठेवा. पाव-चीज न घालता सूप फ्रिजमध्ये तीन दिवस उत्तम राहतं, आणि दुसऱ्या दिवशी अधिक मुरतं. डीपफ्रीजमध्येही टिकतं. मी आता कांदा परतते तेव्हा दुप्पट घेते. दुप्पट कांद्याला भांडं मात्र रुंद हवं, नाहीतर दोन भांड्यांत वाटून परता. खोल भांड्यात ढीग झाला की खालचा कांदा वाफेवर शिजत राहतो आणि रंग येतच नाही.