नाशिकमधले आठ दिवस : धूर आणि श्वास मोजायला शिकताना

पुण्याहून नाशिकला जाणार असाल तर पहाटेची पहिली गाडी धरा. आम्ही नऊला निघालो, चाकण-राजगुरुनगरच्या गर्दीत दोन तास गेले आणि पहिलं सत्र बुडालं. हवेतल्या धुराचे कण पकडायला वजन करून आणलेल्या टेफ्लॉन फिल्टरची पेटी डिकीत टाकू नका, मांडीवर ठेवा. धक्क्याने फिल्टरला भोक पडलं तर ते तुम्हाला परतल्यावर तराजूपाशीच कळतं.

वायुप्रदूषण आणि श्वसनविकार यांवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी हे आठ दिवसांचं क्षेत्रप्रशिक्षण होतं. शिकवायला परदेशातले दोघं आणि चेन्नईच्या एक मॅडम, शिकणारे आम्ही अकरा. ज्या देशात धूर आहे तिथलेच शास्त्रज्ञ तयार करायचे, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं फोगार्टी केंद्र 1968 पासून हेच करतंय. आपल्याकडच्या चुलीच्या धुराचा विषय जगापुढे आणण्यात कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाचा मोठा वाटा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गुजरातच्या खेड्यांत भारतीय सहकाऱ्यांबरोबर स्वयंपाकघरातली हवा मोजली होती. पहिल्या संध्याकाळी मात्र आम्हाला यशाची गोष्ट ऐकवली नाही. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या 3,200 गरोदर बायकांवर झालेली, चुलीऐवजी गॅस दिला तर काय फरक पडतो ते पाहणारी हापिन चाचणी सांगितली. आपल्याकडे ती तमिळनाडूत झाली. निम्म्या घरांना गॅस फुकट दिला, धूर बराच कमी झाला, पण बाळांच्या जन्मवजनात ठोस फरक दिसला नाही. मॅडम म्हणाल्या, "असा निकाल छापायची तयारी असेल तरच उद्या गाडीत बसा." मला ते फार आवडलं.

राहायची सोय शहरात असली तरी दुसऱ्या दिवसापासून मुक्काम त्र्यंबकच्या पुढे हलवा. हरसूलकडच्या पाड्यावर चूल पेटायच्या आत, म्हणजे साडेपाचला, पोचायचं असतं. ओल्या काटक्या पेटवतानाचा पहिला पाऊण तास सगळ्यात वाईट असतो. सातला गेलात तर तोच हातचा जातो. जानेवारीत स्वेटर, कानटोपी आणि डोक्याला बांधायची बॅटरी न्या.

नियम असा की पंपाने हवा ओढून फिल्टरवर घेणारं यंत्र चुलीपासून एक मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंच आणि दार-खिडकीपासून दीड मीटर लांब टांगायचं. आम्ही गेलो ते घर कुडाचं, चुलीची खोलीच जेमतेम आठ फुटांची. दारापासून दीड मीटर सोडलं की आपण थेट वैलावर उभे! नियम जिथे मोडला ते वहीत आकृती काढून लिहा, फोटोही काढा. घरातल्या मावशी नागलीची भाकरी थापत होत्या. सून फुंकणीने जाळ धरत होती आणि मांडीवरचं पोर डोळे चोळत होतं. आढ्याखालचं काळं जाळं इतकं जाड होतं की बोट लावलं तर तेलकट काजळी नखात बसली. ती मला दोन दिवस निघाली नाही.

दुसऱ्या सकाळी पाहिलं तर पंप रात्री अकरालाच बंद. आम्ही बॅटरीला दोष देत बसलो. मावशी शांतपणे म्हणाल्या, "रातभर गुणगुणत व्हतं, पोर झोपेना. मंग दाबलं बटण." चूक आमचीच होती. संमतीपत्र वाचून दाखवलं होतं, पण पंपाचा आवाज कुणी ऐकवला नव्हता. सही घेण्याआधी पंप दहा मिनिटं चालू ठेवून सगळ्या घराला ऐकवा, जमल्यास जाड कापडी पिशवीत घाला.

या प्रवासात मी सगळ्यात मोठं शिकले ते एका शब्दामुळे. स्पायरोमेट्रीत, म्हणजे यंत्रात श्वास सोडून फुप्फुसाची ताकद मोजतात त्या तपासणीत, छाती भरून श्वास घ्यायचा आणि स्फोट झाल्यासारखा सोडायचा असतो. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते यावर सगळं ठरतं. पाड्यावरच्या बायकांना मी "जोरात फुंका" म्हणत होते आणि प्रत्येकीचा आलेख आरंभालाच लोळत होता. तीन चांगले प्रयत्न लागतात, आठाच्या पुढे जायचं नाही, आणि त्यातले सर्वोत्तम दोन 150 मिलीलीटरच्या आत जुळायला हवेत. कुणाचंच जुळेना. आमच्यातली पेठ तालुक्यातली मुलगी म्हणाली, "ताई, तू त्यांना फुंका म्हणतेस. त्या फुंकणीने फुंकल्यासारखं फुंकतात." खरंच होतं! गाल फुगवून, ओठ आवळून, हळूहळू, जाळ विझू नये असं. आयुष्यभर हाताला आणि छातीला लागलेली सवय. आम्ही शब्द बदलला : "छाती भर, आणि हवा एकदम सोड... सोड, सोड, सोड, रिकामी होईस्तोवर सोड." तिसऱ्या प्रयत्नाला आलेखाचं टोक उभं राहिलं. परदेशी सरांनी ते वाक्य देवनागरीत स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने यंत्र तपासून घेता तसा तोंडचा शब्दही त्या गावात तपासून घ्या.

प्रश्नावलीचंही तेच. "दमा आहे का?" विचारलं की लग्नाची मुलगी घरात असेल तिथे उत्तर नाहीच येणार. "चढ चढताना धाप लागते का, रात्री छातीतून शिटीसारखा आवाज येतो का" असं विचारा. मिसरीबद्दल वेगळं विचारा, कारण ती त्याच चुलीवर भाजतात आणि तिचा ठसका सगळ्या घराला लागतो.

पाचवा दिवस निफाडकडे द्राक्षबागेत. कडाक्याच्या थंडीत घड वाचवायला शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर ओळींमधून जमिनीलगत पसरतो. आमच्या धूर मोजणाऱ्या छोट्या सेन्सरचा आकडा भसाभस चढला. पण त्यात धूर किती आणि दव किती? प्रकाशावर चालणारे सेन्सर दमट हवेत फुगवून सांगतात, म्हणून शेजारी फिल्टर लावल्याशिवाय तो आकडा कुणाला सांगू नका. पीएम 2.5, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे अगदी बारीक कण, यासाठी आपलं राष्ट्रीय मानक 24 तासांच्या सरासरीला दर घनमीटर 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं 15. तासाभराचा आकडा याच्याशी ताडून बातमी करणं चूक. शिवाय बागेतल्या मजुराचा खोकला चुलीचा की फवारणीचा, हेही विचारायला लागतं.

परदेशी भागीदार असेल तर संस्थेच्या नीतिसमितीबरोबर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्यामार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. द्राक्षांचा हंगाम तुमच्यासाठी थांबत नाही, अर्ज पावसाळ्यातच करा.

आठव्या दिवशी आम्ही पाड्यावर परत गेलो. मावशींच्या फुप्फुसाचं माप बरंच कमी भरलं होतं. आलेखाचा कागद त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आणि विचारलं, "आता हे घेऊन कुठं जायचं?" कागदाच्या मागे आरोग्य केंद्राचं नाव, डॉक्टर कधी असतात तो वार आणि वेळ ठळक अक्षरांत आम्ही आदल्या रात्री हाताने लिहून ठेवलं होतं. तुम्ही ते छापूनच न्या. सुनेने मोठ्याने वाचून दाखवलं आणि गुरुवारची जीप कितीला निघते ते शेजारणीला विचारायला गेली.