तुम्ही विचारलंत म्हणून: सुई टोचल्यावर भ्रूण मरत नाही का?

उंदराच्या भ्रूणात डीएनए टोचणं हे माझं काम. ते सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, एवढासा जीव, सुई टोचल्यावर मरत नाही का?

मरतो की! सुईचं टोक जरा जाड असलं, हात जरा हलला, की पेशी फुटते आणि आतलं सगळं बाहेर. कारण हे भ्रूण म्हणजे अजून एकच पेशी. फलन झालंय, पण आईचं आणि बापाचं केंद्रक अजून वेगवेगळं दिसतंय, तेवढ्या काही तासांतच काम उरकायचं. बापाकडचं केंद्रक मोठं असतं, म्हणून नेम त्याच्यावर. डावीकडची बोथट काचनळी पेशीला हलक्या ओढीने धरून ठेवते, उजवीकडून सुई येते. पेशीचं पातळ आवरण भलतंच चिवट. सुई आत गेलीय असं वाटतं, पण आवरण नुसतंच आत दबलेलं असतं. खूण एकच: केंद्रक फुगताना दिसलं पाहिजे. फुगलं की सुई लगेच बाहेर.

तगलेली भ्रूणं दुसऱ्या मादीच्या बीजवाहिनीत सोडतात. तिचा संग आधी नसबंदी केलेल्या नराशी झालेला असतो, त्यामुळे तिचं शरीर गर्भ सांभाळायला तयार असतं. साधारण वीस दिवसांनी पिल्लं.

खरा घोळ पुढेच आहे, आणि त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. टोचलेला डीएनए कुठल्या गुणसूत्रात, कुठे आणि किती प्रतींत जाऊन बसेल, ते आपल्या हातात नसतं. बऱ्याचदा तो बसतच नाही. 1982 साली पामिटर, ब्रिन्स्टर आणि सहकाऱ्यांनी घुशीच्या जातभाईचं, म्हणजे रॅटचं, वाढ-संप्रेरकाचं जनुक उंदरांच्या भ्रूणांत घातलं. जन्मलेल्या 21 पिल्लांपैकी फक्त 7 जणांत ते उतरलं, त्यातले 6 भावंडांपेक्षा बरेच मोठे झाले. फोटो जगभर गाजला. मग अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला डुकरांवरही असाच प्रयोग झाला. चरबी घटली खरी, पण जनावरं सांध्यांनी लंगडी झाली, जठरात व्रण आले. मला तरी उंदरापेक्षा ही डुकरं जास्त आठवतात.

आता क्रिस्परमुळे, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या तंत्रामुळे, जागा बरीच नेमकी ठरवता येते. तरी जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाच्या शेपटीचा तुकडा घेऊन पीसीआर, म्हणजे टोचलेला डीएनए आत आहे का ते शोधणारी चाचणी, करावीच लागते.