कुलपाची नोंद कुठे असते?

नेटवर्कवरच्या फोल्डरमधली फाइल ‘वापरात आहे’ असा संदेश आला, म्हणजे कोणीतरी ती उघडी धरून तिला कुलूप (लॉक) लावले आहे, की आपण शोध सुरू करतो तो ज्या संगणकावर संदेश दिसला तिथूनच, आणि तिथे बहुधा काहीच सापडत नाही. एक रिकामा फोल्डर डिलीट होईना म्हणून मी स्वतःचा संगणक दोनदा रीस्टार्ट केला होता. अखेर विंडोज सर्व्हरवरच्या ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’खालची ‘ओपन फाइल्स’ ही यादी उघडली, तेव्हा त्या फोल्डरसमोर एका सहकाऱ्याचे नाव दिसले. त्याच्याकडे त्यातली एकही फाइल उघडी नव्हती. कमांड प्रॉम्प्टची एक विसरलेली खिडकी तेवढी त्या फोल्डरमध्ये उभी होती. ती बंद करताच फोल्डर निमूटपणे गेला.

यादीतून एखादी फाइल सक्तीने बंद करता येते, पण सेव्ह न केलेले काम त्यात जाऊ शकते, म्हणून मी आधी फोन करतो. वर्ड ‘~$’ ने सुरू होणारी जी लपलेली फाइल तयार करते, तिच्यात फाइल उघडणाऱ्याचे नाव असते. मात्र प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर ती तशीच मागे राहते आणि भलत्याच माणसाकडे बोट दाखवते. चित्रांच्या फोल्डरमध्ये एक्सप्लोररने छोट्या चित्रांसाठी बनवलेली ‘थम्ब्स डॉट डीबी’ ही फाइलही फोल्डर असाच अडवून धरते.

लिनक्स आणि एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरण्याची त्यावरची पद्धत) असेल तर मात्र उलट दिशेने जावे लागते. उघडी असलेली फाइल डिलीट केली, की क्लायंट, म्हणजे ती वापरणारा संगणक, तिचे नाव बदलून ‘डॉट एनएफएस’ने सुरू होणारे एक लांबलचक नाव देतो, ती काढावी तर लगेच तशीच दुसरी हजर होते आणि फोल्डर काही रिकामा होत नाही. ही फाइल कोणत्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, धरली आहे, हे सर्व्हरला विचारून कळत नाही. ज्या वर्कस्टेशनवर ती उघडी आहे तिथेच उघड्या फाइलींची यादी देणारी ‘एलएसओएफ’ ही आज्ञा चालवावी लागते. अचानक बंद पडलेल्या यंत्राच्या कुलपांचे काय होते, हे आवृत्तीवर ठरते: एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत क्लायंटने ठरलेल्या मुदतीत आपल्या हक्काचे नूतनीकरण केले नाही तर सर्व्हर ती सोडवू शकतो, आणि लिनक्स सर्व्हरवर ही मुदत मुळात 90 सेकंदांची असते. तिसऱ्या आवृत्तीत अशी मुदतच नाही. बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू होऊन सर्व्हरला तसे कळवीपर्यंत कुलूप अडकून राहू शकते, त्यामुळे तिथे आधी ते यंत्र चालू करून पाहावे.